पेशीला आपले काम कसे कळते?

ऑगस्टच्या मध्याला चाकूर तालुक्यातल्या कोणत्याही सोयाबीनच्या रानात जावे. वापसा असेल तर एक झाड मुळासकट अलगद उपटावे आणि काळी माती हलक्या हाताने झटकावी. मुळांना चिकटलेल्या गोल गाठी दिसतील, काही मोहरीएवढ्या, काही वाटाण्याएवढ्या. त्यातली एक नखाने फोडली की आत गुलाबी रंग निघतो, अगदी ताज्या मांसासारखा. जाणत्या शेतकऱ्याला तो रंग पाहून बरे वाटते. गाठ गुलाबी आहे याचा अर्थ ती कामाला लागली आहे आणि हवेतला नत्र पिकाला मिळतो आहे.

आता त्याच झाडाकडे वरून खाली पाहू. पान हिरवे आहे, कारण त्याच्या पेशी ऊन धरतात. खोडातल्या काही पेशी पाण्याच्या नळ्या झाल्या आहेत. मुळाच्या टोकाजवळ केसाहून बारीक मुळरोम आहेत. आणि या गाठीत अशा पेशी आहेत, ज्या आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा सख्खा नातलग म्हणावे असे लेगहिमोग्लोबिन बनवतात. गुलाबी रंग त्याचाच. जूनमध्ये पेरलेल्या एका दाण्यातून हे सारे आले. त्या दाण्याचाही आरंभ फुलाच्या पोटातल्या एकाच फलित पेशीपासून झाला होता. सगळ्या पेशींचा वारसा एक, मग कामे एवढी वेगळी कशी? कोणत्या पेशीने काय व्हायचे, हे तिला कोण सांगते?

लातूर पॅटर्नने डॉक्टर होऊ पाहणाऱ्या हजारो मुलांना विभेदन (पेशीने ठरावीक काम धरणे), निर्विभेदन (ते सोडून पुन्हा विभागू लागणे) आणि पुनर्विभेदन (पुन्हा नवे काम धरणे) हे तीन शब्द पाठ असतात. परीक्षेत त्यावर प्रश्न येतो आणि मुले अचूक पर्याय निवडतात. पण या शब्दांच्या मागे सव्वाशे वर्षांहून अधिक काळ चाललेला शोध आहे, त्यात आपल्या देशातल्या आणि महाराष्ट्रातल्या प्रयोगशाळांचा वाटा आहे आणि त्याची उदाहरणे आपल्याच शिवारात उभी आहेत. त्या शोधाचा हा आढावा.

वारसा वाटला जातो का?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन जीवशास्त्रज्ञ ऑगस्ट वाइसमान यांनी एक सरळ उत्तर मांडले. पेशी विभागताना वारशाचे तुकडे होत जातात, स्नायूच्या पेशीला स्नायूपुरता वाटा मिळतो, त्वचेच्या पेशीला त्वचेपुरता. चार भावांत जमीन वाटली की प्रत्येकाच्या सातबारावर तेवढाच तुकडा येतो, तसेच हे. १८८८ साली विल्हेल्म रू यांनी बेडकाच्या दोन पेशींच्या भ्रूणातली एक पेशी तापलेल्या सुईने मारली. उरलेल्या पेशीतून अर्धाच भ्रूण तयार झाला. वाइसमान यांचे म्हणणे सिद्ध झाले असे वाटले.

तीनच वर्षांनी, १८९१ मध्ये, हान्स ड्रीश यांनी समुद्री अर्चिनच्या भ्रूणातल्या दोन पेशी हलवून एकमेकींपासून पूर्ण वेगळ्या केल्या. प्रत्येकीतून आकाराने लहान, पण पूर्ण अळी तयार झाली. वारसा वाटला गेला असता तर हे घडलेच नसते. रू यांच्या प्रयोगात मेलेली पेशी जिवंत पेशीला चिकटूनच राहिली होती आणि त्या शेजाराने जिवंत पेशीची समजूत बदलली होती. या पूर्ण कथेतले पहिले मोठे सूत्र इथेच हाती लागते: पेशी काय होईल हे तिच्या पोटातल्या वारशावर जितके अवलंबून असते, तितकेच तिच्या शेजारावरही.

वनस्पतींनी तर हे फार आधीपासून दाखवून दिले होते. पानफुटीचे पान ओल्या मातीवर पडले की त्याच्या काठावर नवी रोपे उभी राहतात. उसाच्या एका डोळ्यातून पूर्ण बेट तयार होते. डाळिंबाच्या फांदीला गुटी बांधली की खोडाच्या पेशी मुळे काढतात. चाकूर तालुक्यात वडवळ नागनाथजवळ औषधी वनस्पतींसाठी ओळखली जाणारी टेकडी आहे, लोक तिला संजीवनी बेट म्हणतात. मोडल्या जागी नवा जीव धरणाऱ्या वनस्पतींच्या जगाला शोभेल असेच हे नाव आहे.

पण डोळा किंवा फांदी म्हणजे असंख्य पेशींचा समूह. एकट्या, मुरलेल्या पेशीत पूर्ण झाड दडलेले असते का? १९५८ मध्ये अमेरिकेत फ्रेडरिक स्टुअर्ड यांनी गाजराच्या मुळातल्या पेशी नारळपाणी घातलेल्या द्रवात वाढवल्या आणि त्यांतून गाजराची पूर्ण रोपे उभी केली. १९६४ मध्ये दिल्ली विद्यापीठात शिप्रा गुहा आणि सतीशचंद्र माहेश्वरी यांनी त्याहून धक्कादायक गोष्ट दाखवली. धोतऱ्याच्या परागकोशातून, म्हणजे ज्यांचे काम केवळ पराग होणे एवढेच होते त्या पेशींतून, त्यांनी भ्रूण मिळवले. आपल्या उकिरड्यावर आणि रस्त्याकडेला उगवणारे हे विषारी झाड त्या दिवसापासून जगभरच्या वनस्पतीशास्त्राच्या पुस्तकांत गेले. परागापासून मिळालेल्या रोपांत गुणसूत्रांचा एकच संच असतो. तो दुप्पट केला की शुद्ध वाण झटपट हाती येतो. त्यामुळे पीक पैदाशीत या पद्धतीचा मोठा उपयोग झाला.

प्राण्यांमधला निर्णायक पुरावा १९६२ चा. इंग्लंडमध्ये जॉन गर्डन यांनी बेडकाच्या पिलाच्या आतड्यातल्या पेशीचे केंद्रक काढले आणि ज्याचे स्वतःचे केंद्रक नष्ट केले आहे अशा अंड्यात घातले. अशा काही अंड्यांतून धडधाकट पिले तयार झाली. आतड्याच्या पेशीकडे डोळ्याचा, मेंदूचा, पायाचा सगळा मजकूर शाबूत होता. १९९६ मध्ये स्कॉटलंडमध्ये डॉली मेंढी जन्मली, तिचे केंद्रक प्रौढ मेंढीच्या कासेतल्या पेशीचे होते. मग सस्तन प्राण्यांबद्दलही शंका उरली नाही.

अपवाद आहेत, आणि ते सांगायला हवेत. प्रतिपिंडे बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी आपल्या डीएनएचे काही तुकडे खरोखर कापून नव्याने जोडतात. रक्तातली तांबडी पेशी तर अख्खे केंद्रकच टाकून देते. पण बाकी बहुतेक पेशींचा सातबारा एकसारखा असतो. कोणता तुकडा कसायचा आणि कोणता पडीक ठेवायचा, एवढाच फरक.

वाचायचे काय, हे कोण ठरवते?

माणसाच्या शरीरात सुमारे ३० लाख कोटी पेशी आहेत. जुन्या गणतीप्रमाणे त्यांचे प्रकार दोनशेच्या वर. प्रथिने बनवणारी जनुके मात्र वीस हजारांच्या आसपास. प्रत्येक पेशी त्यांतली काही जनुके चालू ठेवते आणि बाकीची बंद. श्वसन आणि दुरुस्तीसारखी घरकामाची जनुके सगळीकडे चालू असतात. इन्सुलिनचे जनुक स्वादुपिंडातल्या ठरावीक पेशींत जोरात चालते, त्वचेत ते गप्प असते.

हे चालू-बंद करणारी प्रथिनेच असतात. ती डीएनएवर ठरलेल्या जागी बसतात आणि शेजारच्या जनुकाचे वाचन सुरू करतात किंवा थांबवतात. त्यातली काही इतकी वजनदार असतात की एकट्याने पेशीची जात बदलतात. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या सिएटलमध्ये हॅरॉल्ड वाइनट्रॉब यांच्या प्रयोगशाळेत मायोडी नावाचे एकच जनुक संयोजी ऊतीच्या पेशींत चालू केले गेले, आणि त्या पेशी स्नायूच्या वाटेला लागल्या. गावच्या कारभारात एखाद्याच्या शब्दावर दहा जण कामाला लागतात, तसे हे प्रथिन दुसऱ्या प्रथिनांची जनुके चालू करते, ती पुढच्यांची. वर ते स्वतःचेही जनुक चालू ठेवते. त्यामुळे एकदा घेतलेला निर्णय टिकून राहतो.

पण मायोडी नेमके त्याच पेशीत का चालू झाले? तिथे पुन्हा शेजार येतो.

शेजाऱ्याचा सांगावा

१९२४ साली जर्मनीत हान्स श्पेमान आणि त्यांची विद्यार्थिनी हिल्डे मांगोल्ड यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यांनी पाणसरड्याच्या कोवळ्या भ्रूणातला एक छोटा तुकडा काढून दुसऱ्या भ्रूणाच्या पोटाकडच्या बाजूला लावला होता. तिथे दुसरा, जवळजवळ पूर्ण भ्रूण उभा राहिला. मूळ तुकडा आणि यजमान यांचा रंग वेगळा असल्याने लक्षात आले की या नव्या शरीराचा मोठा भाग यजमानाच्याच पेशींनी बनला आहे. कातडी होणार होत्या त्या पेशी परक्या तुकड्याच्या सांगण्यावरून मज्जासंस्था झाल्या. हिल्डे मांगोल्ड त्याच वर्षी, पंचविशीतच, एका अपघातात भाजून गेल्या. श्पेमान यांना १९३५ मध्ये नोबेल मिळाले.

सांगावा किती तीव्रतेने पोचतो, यानेही फरक पडतो. १९८८ मध्ये क्रिस्टियाने न्यूसलाइन-फोलहार्ड यांच्या गटाने फळमाशीच्या अंड्यात बायकॉइड नावाचे प्रथिन दाखवले. अंड्याच्या डोक्याकडच्या टोकाला ते दाट असते आणि मागे जाताना विरळ होत जाते. जिथे दाट तिथे डोके, जिथे मध्यम तिथे छाती. उदबत्तीच्या वासावरून आपण देवघरापासून किती लांब आहोत हे अंधारातही कळावे, तशी पेशी या दाटपणावरून आपली जागा ओळखते.

आता पुन्हा सोयाबीनच्या मुळाकडे येऊ, कारण हा संवाद तिथे सर्वांत स्पष्ट दिसतो. नत्र कमी पडला की मूळ मातीत ठरावीक रसायने सोडते. ब्रॅडिरायझोबियम हा जिवाणू ती ओळखतो आणि उत्तरादाखल स्वतःचा रासायनिक सांगावा पाठवतो. मुळरोम वाकडा होऊन जिवाणूंना कवेत घेतो. आत एक बारीक बोगदा तयार होतो आणि त्यातून जिवाणू मुळाच्या सालीतल्या पेशींपर्यंत पोचतात. साल होऊन शांत बसलेल्या त्या पेशी पुन्हा विभागू लागतात. पुस्तकातले निर्विभेदन ते हेच. मग त्या नव्याने वेगळ्या होतात. काही पेशी फुगतात, हजारो जिवाणू पोटात घेतात आणि लेगहिमोग्लोबिन बनवतात. नत्र पकडणाऱ्या विकराला मोकळा प्राणवायू चालत नाही, म्हणून हे प्रथिन प्राणवायू बांधून ठेवते आणि जिवाणूंच्या श्वासापुरता तेवढा पुरवते. शेजारच्या काही पेशी जिवाणूंना घरात घेत नाहीत. तयार झालेला नत्र खोडाकडे पाठवता येईल अशा रूपात आणण्यात त्यांचा मोठा वाटा असतो. एवढ्याशा गाठीत पुरवठा, उत्पादन आणि पाठवणी अशी खाती वेगळी झालेली असतात.

किती गाठी धरायच्या, यावरही नियंत्रण असते. गाठी पोसायला झाडाला साखर मोजावी लागते. पहिल्या गाठी धरल्या की मुळे पानांना निरोप पाठवतात, पाने तो मोजतात आणि आणखी गाठी नकोत असा उलटा निरोप देतात. १९८५ मध्ये ऑस्ट्रेलियात पीटर ग्रेसहॉफ यांच्या गटाने हे नियंत्रण बिघडलेली सोयाबीनची झाडे शोधली. त्यांच्या मुळांवर गाठींची दाटी झाली होती. मातीत नत्र भरपूर असला तरी झाड गाठी कमी धरते. युरिया वाजवीपेक्षा जास्त टाकला तर सोयाबीनच्या गाठी का घटतात, याचे कारण असे पेशींच्या पातळीवर आहे. पेरणीपूर्वी बियाण्याला जिवाणू संवर्धक चोळण्याचा सल्ला कृषी विद्यापीठे देतात, त्याचा अर्थही हाच: मुळाशी बोलणारा योग्य सोबती वेळेवर हजर असावा.

रब्बीत त्याच रानात हरभरा पेरला तर गाठींचा आकार बदलतो. सोयाबीनची गाठ गोल असते, कारण तिच्या पेशी ठरावीक काळानंतर विभागणे थांबवतात. हरभऱ्याच्या गाठीच्या टोकाला वाढणाऱ्या पेशी शिल्लक राहतात, म्हणून ती लांबट होते, कधी तिला फाटे फुटतात. शेत तेच राहते, पाहुणा जिवाणू आणि यजमान झाड बदलते आणि विभेदनाची रीतही बदलते.

प्रमाण बदलले की वाट बदलते

सांगाव्याचे प्रमाण किती नाजूक असते हे १९५७ मध्ये स्कूग आणि मिलर यांनी तंबाखूच्या ऊतीवर दाखवले. ऑक्सिन जास्त दिले की मुळे फुटतात, सायटोकायनिन जास्त दिले की कोंब येतात आणि दोन्ही बेताचे असले की नुसता पेशींचा गोळा वाढत राहतो. आजचे सगळे ऊतीसंवर्धन याच हिशेबावर चालते. नांदेड जिल्ह्यातल्या अर्धापूरच्या केळीच्या बागांत लागणारी ऊतीसंवर्धित रोपे कंदाच्या शेंड्याच्या लहानशा भागापासून बाटलीत वाढवलेली असतात. आधी कोंबांची संख्या वाढवायची, मग मुळे फोडायची, आणि प्रत्येक टप्प्याला संप्रेरकांचे माप वेगळे.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून १९९० मध्ये याच मार्गाने आलेला निष्कर्ष जगभर गाजला. आर. एस. नाडगौडा, व्ही. ए. पराशरामी आणि ए. एफ. मस्कारेन्हस यांनी बाटलीत वाढवलेल्या बांबूच्या रोपांना काही महिन्यांतच फुलोरा आणला. रानात ज्या बांबूला फुलायला कित्येक दशके लागतात, त्याच्या शेंड्यातल्या पेशींनी योग्य संप्रेरके मिळताच पान सोडून फूल होण्याचा निर्णय घेतला. ‘नेचर’ या नियतकालिकाने तो निबंध छापला. लातूर जिल्ह्यात आज बांबू लागवडीचा आग्रह धरला जातो आहे. त्या प्रत्येक बेटात फूल होण्याचा तो मजकूर बंद करून ठेवलेला आहे.

निर्णयाची आठवण

यकृताची पेशी विभागली की दोन यकृताच्याच पेशी होतात. मूळ सांगावा केव्हाच विरलेला असतो, तरी निर्णय टिकतो. याचे एक कारण वर आले: काही प्रथिने स्वतःला चालू ठेवतात. दुसरे कारण डीएनएच्या बांधणीत आहे. जवळजवळ दोन मीटर लांबीचा डीएनए पेशीच्या केंद्रकात प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. नको असलेला भाग घट्ट आवळला जातो, त्यावर मिथाइल गटाच्या खुणा बसतात, आणि विभागणीच्या वेळी या खुणा नव्या पेशींतही उतरवल्या जातात.

याचा डोळ्यांना दिसणारा पुरावा म्हणजे काळी, तांबूस आणि पांढरी अशी तिरंगी मांजर. ती जवळजवळ नेहमीच मादी असते. १९६१ मध्ये मेरी लायन यांनी कारण सांगितले. मादीच्या पेशींत दोन एक्स गुणसूत्रे असतात, भ्रूणावस्थेत प्रत्येक पेशी त्यातले एक बंद करते आणि तिच्या पुढच्या सगळ्या लेकी तेच बंद ठेवतात. म्हणून अंगावर काळे आणि तांबूस ठिपके वेगळे उमटतात. एका लहानशा क्षणी झालेली निवड जन्मभर अंगावर वागवली जाते.

१९५७ मध्ये कॉनरॅड वॉडिंग्टन यांनी या सगळ्याचे चित्र डोंगरउताराच्या रूपात काढले. वरून सुटलेला गोटा उतरता उतरता एका घळीतून दुसऱ्या घळीत जातो आणि जितका खाली जातो तितके पलीकडच्या घळीत जाणे अवघड होते. आपल्याला हे बालाघाटच्या पठारावरून समजते. माथ्यावर पडलेला थेंब मांजरेकडे वळेल की मन्याडकडे, हे वीतभर उंचवट्याने ठरते. ओढ्याला लागल्यावर मात्र त्याला परतीची वाट सोपी नसते.

जीव देऊन केलेले काम

काही पेशींचे विशेषीकरण पराकोटीला जाते. कापसाचा धागा हे त्याचे सर्वांत सुंदर उदाहरण, आणि ते मराठवाड्याच्या ओळखीचे. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने दिलेले ‘नांदेड-४४’ हे संकरित वाण एके काळी राज्यभर पोचले होते. ज्याला आपण कापसाचा एक धागा म्हणतो, ती एकच पेशी असते.

फूल उमलते त्या सुमारास कोवळ्या सरकीच्या सालीवरच्या काही पेशी फुगून वर येतात, साधारण चारातली एक. बाकीच्या साल म्हणूनच राहतात. वर आलेली पेशी पुढे विभागत नाही, नुसती लांबते. दोन-तीन आठवड्यांत ती अडीच-तीन सेंटिमीटर होते, म्हणजे आपल्या जाडीच्या हजारपटीहून लांब. मग तिच्या आतून सेल्युलोजचे थर चढू लागतात. बोंड पक्व होते तेव्हा धाग्यात नव्वद टक्क्यांहून अधिक सेल्युलोज असते. बोंड फुटल्यावर पेशी वाळते, मरते, चपटी होऊन पिळ घेते. त्या पिळामुळेच सूत कातता येते. आपल्या अंगावरचा सुती सदरा म्हणजे आपले काम पुरे करून गेलेल्या पेशींचे कापड आहे. बोंड भरण्याच्या दिवसांत पाण्याचा ताण पडला की धाग्याची लांबी आणि भराव घटतो, कारण त्या पेशीला वाढीसाठी मिळालेले दिवसच मोजके असतात.

ज्वारीच्या ताटातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्याही मेलेल्या पेशींच्या. त्या आधी भिंती मजबूत करतात आणि मग ठरवून मरतात, म्हणजे आतली वाट मोकळी होते. आपली तांबडी रक्तपेशी केंद्रक टाकून देते, अंगभर हिमोग्लोबिन भरते आणि सुमारे १२० दिवस प्राणवायू वाहून नेते. तिला स्वतःची दुरुस्ती करता येत नाही. म्हणून अस्थिमज्जेला दर सेकंदाला वीस लाखांच्या घरात नव्या पेशी घडवाव्या लागतात.

देवणीच्या अंगावरचा नकाशा

काही पेशींना आपले काम करण्यासाठी लांबचा प्रवासही करावा लागतो. लातूर जिल्ह्याचे नाव देशभर नेणारा देवणी गोवंश पाहा. त्यातल्या वानेऱ्या प्रकाराचे अंग पांढरे आणि तोंडाच्या बाजू काळ्या. बाळंक्या जवळजवळ पांढराफटक, काळे ठिपके अंगाच्या खालच्या भागापुरते. शेवऱ्याच्या पांढऱ्या अंगावर कसेही पसरलेले काळे ठिपके. पशुपालक हे प्रकार बाजारात लांबूनही ओळखतात.

प्राण्यांत हा काळा रंग बनवणाऱ्या पेशी कातडीत जन्मत नाहीत. भ्रूणाच्या पाठीच्या कण्याला लागून मज्जाशिखा नावाचा पेशींचा पट्टा असतो. तिथून त्या निघतात आणि दोन्ही कुशींनी खाली उतरत कातडीत व केसांच्या मुळांत स्थिरावतात. त्याच पट्ट्यातून निघालेल्या दुसऱ्या पेशी चेहऱ्याची हाडे होतात, तिसऱ्या आतड्यातले मज्जातंतू. कुठल्या वाटेने गेलो आणि वाटेत कोणते सांगावे मिळाले, यावर प्रत्येकीचे काम ठरते. केस पांढरे उगवतात तिथे रंगपेशी पोचलेल्या नसतात, किंवा पोचून रंग बनवत नसतात. कंधारच्या लाल कंधारी जनावराच्या अंगभर एकच तांबडा रंग असतो, तिथे रंगपेशी सगळीकडे पोचल्या आहेत आणि काळ्याऐवजी तांबडे रंगद्रव्य बनवत आहेत. पोळ्याला बैल रंगवताना आपण ज्या अंगावर रंग आणि बेगड लावतो, त्याच्यावर भ्रूणावस्थेतल्या प्रवासाचा नकाशा आधीच उमटलेला असतो.

उलटी वाट आणि औषधोपचार

ओढ्याचे पाणी माथ्यावर परत नेता येईल का? २००६ मध्ये जपानच्या शिन्या यामानाका यांनी ते करून दाखवले. चोवीस संभाव्य जनुके घेऊन, एकेक वगळत, ते चारवर आले. ती चार जनुके उंदराच्या कातडीच्या पेशींत चालू केली तेव्हा त्या पेशी भ्रूणातल्या मूलपेशींसारख्या झाल्या. पुढच्याच वर्षी माणसाच्या पेशींवरही हे जमले. २०१२ चे नोबेल गर्डन आणि यामानाका यांना मिळून दिले गेले.

त्याआधीच मूलपेशींचा एक उपचार रुजला होता. १९६१ मध्ये कॅनडात टिल आणि मॅककुलॉक यांनी अस्थिमज्जेत अशा पेशी असल्याचे दाखवले, ज्यांतल्या एकीपासून अनेक प्रकारच्या रक्तपेशी होऊ शकतात. त्या ज्ञानावर मज्जा प्रत्यारोपण उभे राहिले. भारतात ते १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात प्रथम झाले.

कर्करोगाकडे पाहण्याची एक नवी दृष्टीही इथूनच आली. तीव्र प्रोमायलोसायटिक ल्युकेमियात पांढऱ्या पेशी अर्धवट घडलेल्या अवस्थेत अडकतात आणि वाढतच राहतात. शांघायमध्ये वांग झेन-यी यांनी १९८० च्या दशकात रुग्णांना जीवनसत्त्व ‘अ’पासून मिळणारे एक औषध दिले. त्याने त्या पेशी मारल्या नाहीत, त्यांचे अडलेले विभेदन पुरे केले. पक्व झालेल्या पेशी आपल्या वेळेला मरून गेल्या. पुढे आर्सेनिकच्या औषधाची जोड मिळाली आणि एके काळी आठवड्यांत जीव घेणारा हा आजार आज बहुतांश रुग्णांत बरा होतो.

गडचिरोलीसह विदर्भातल्या आणि नंदुरबारच्या आदिवासी कुटुंबांना छळणाऱ्या सिकलसेल आजाराची गाठही विभेदनाशीच आहे. गर्भात असताना बाळाच्या तांबड्या पेशी वेगळे हिमोग्लोबिन बनवतात. जन्मानंतर एक प्रथिन त्या हिमोग्लोबिनाचे जनुक बंद करते आणि प्रौढ हिमोग्लोबिन सुरू होते. दोष या प्रौढ हिमोग्लोबिनात असतो. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेने मान्य केलेल्या जनुक-संपादन उपचारात रुग्णाच्याच मूलपेशी बाहेर काढतात, बंद करणाऱ्या त्या प्रथिनाला तांबड्या पेशींपुरते निकामी करतात आणि पेशी परत देतात. गर्भातले निर्दोष हिमोग्लोबिन पुन्हा वाहू लागते. त्याची किंमत आज सामान्य कुटुंबाच्या आवाक्यापलीकडची आहे. ज्यांना हा आजार सर्वाधिक भोगावा लागतो, त्यांच्यापर्यंत तो पोचवणे हे पुढचे मोठे काम आहे.

याच ठिकाणी एक सावधगिरी निक्षून सांगतो. ‘स्टेम सेल’ हा शब्द आता जाहिरातींत शिरला आहे. मधुमेह, गुडघेदुखी, स्वमग्नता, लकवा अशा सगळ्यांवर एकच इंजेक्शन विकले जाते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या मान्य आजारांवरील मूलपेशी प्रत्यारोपण सोडून इतर कोणताही मूलपेशी उपचार परवानगी असलेल्या वैद्यकीय चाचणीबाहेर, पैसे घेऊन देता येत नाही. चाचणीत भाग घेणाऱ्या रुग्णाकडून त्यासाठी शुल्क घेतले जात नाही. कारण साधे आहे. पेशी नुसती टोचून भागत नाही, तिला योग्य शेजार, योग्य प्रमाणात सांगावा आणि तो टिकवणारी आठवण लागते. हे तिन्ही नसतील तर ती पेशी मरते, किंवा भलत्या वाटेने वाढते. अशा इंजेक्शनसाठी कोणी जमीन विकत असेल तर त्याला थांबवावे.

कुठवर आलो

महाराष्ट्रात या प्रश्नावर काम करणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. पुणे विद्यापीठात लीला मुल्हेरकर यांनी कोंबडीच्या भ्रूणावरील संशोधनाने विकासजीवशास्त्राला बळ दिले. आघारकर संशोधन संस्थेत हायड्रावर काम झाले. तुकडे केले तरी प्रत्येक तुकड्यातून पूर्ण प्राणी उभा करणारा हा गोड्या पाण्यातला चिमुकला जीव आहे. पुण्याचेच राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र देशभरच्या प्रयोगशाळांना संवर्धित पेशी पुरवते.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत एकेका पेशीतली चालू जनुके मोजता येऊ लागली. २०१६ मध्ये माणसाच्या सगळ्या पेशींचा नकाशा काढण्याचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प सुरू झाला, आणि दोनशे प्रकारांची जुनी गणती फारच ढोबळ होती हे दिसू लागले. काही ठिकाणी दोन प्रकारांत रेघ ओढणेच अवघड जाते. सोयाबीनमधली समज वापरून गहू आणि ज्वारीसारख्या तृणधान्यांना गाठी धरायला शिकवता येईल का, यावर जगभर काम चालू आहे. ते साधले तर कोरडवाहू शेतकऱ्याचा खताचा खर्च खरोखर हलका होईल.

सगळ्या आढाव्याचा निष्कर्ष असा. पेशीकडे वारसा पूर्ण असतो. त्यातले काय वापरायचे हे तिचा शेजार, तिची जागा आणि तिची वेळ ठरवते, आणि एकदा ठरले की ती ते लक्षात ठेवते. योग्य मार्गाने ती आठवण पुसताही येते.

चाकूर, लातूर, नांदेडच्या जीवशास्त्राच्या शिक्षकांना एक विनंती आहे. येत्या खरिपात, पेरणीनंतर पाच-सहा आठवड्यांनी, एक तास वर्गाबाहेर घ्या. मुलांना जवळच्या रानात न्या, शेतकऱ्याला विचारून एक सोयाबीनचे झाड उपटा आणि प्रत्येकाला एक गाठ फोडून पाहू द्या. विभेदन, निर्विभेदन आणि पुनर्विभेदन हे तिन्ही शब्द त्यांच्या तळहातावर असतील.